तारण गेलं अशी धास्ती बसली असेल तर काय करायचं

हे कोणासाठी लिहितेय ते आधी सांगून टाकते. देव आहे की नाही असा प्रश्न पडलेल्यांसाठी हे नाही. ज्यांना देव आहे हे पक्कं माहितीय आणि नेमकी त्याचीच धास्ती बसलीय, म्हणजे आपलं तारण, येशूने पापातून केलेली आपली सुटका, गेलं, आपण आतून मेलोय, देवाने आपल्याला सोडलंय, बायबलचं वचन वाचलं तरी आत काही हलत नाही, रविवारी उपासनेत सगळे डोळे मिटून गातायत आणि आपण मात्र गीताच्या पुस्तकाकडे नुसते बघत बसलोय, आणि उद्या मेलो तर काय या विचाराने पोटात गोळा येतो, अशा माणसांसाठी आहे. मी ऐरोलीला राहते, मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, तरुण मुलामुलींच्या गटाचं थोडंफार बघते. पाळक नाही, सेमिनरीत शिकलेली नाही. पण "ताई, माझं तारण गेलं वाटतं" असे मेसेज इतक्या जणांचे येतात, तेही बहुतेक मध्यरात्रीनंतर, की एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवावं म्हटलं.

एक गोष्ट सुरुवातीलाच. भीती गेली की मग भरवसा ठेवू, असा क्रम लावून बसलात तर वाट बघतच राहाल. भीती खिशात असतानाच भरवसा ठेवायचा असतो आणि तसा तो ठेवता येतो, कसा ते खाली सांगते.

रात्री दोन वाजता काही ठरवायचं नाही

हे अगदी फालतू वाटेल पण पहिलं कामच हे आहे. रात्री बारानंतर स्वतःच्या आत्म्याचा निकाल लावायला बसायचं नाही. फोन हातात असतो, एकाने नरकाचं दर्शन झालेल्या माणसाचा व्हिडिओ टाकलेला असतो, तो बघितला की खाली तसलेच आणखी दहा येतात, आणि तासाभरात माणूस घामाघूम. ते व्हिडिओ बनवणाऱ्याला तुमच्या तारणाचं काही पडलेलं नसतं हो, त्याला व्ह्यूज हवे असतात, माझं तरी हे स्पष्ट मत आहे.

बायबलमधला संदेष्टा एलीया आठवा. पहिल्या राजांच्या पुस्तकात एकोणिसावा अध्याय. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय झाला आणि लगेच हा माणूस रानात पळून एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो की पुरे झालं, आता माझा जीव घे. देव त्याला तिथे प्रवचन देत नाही. दूत येतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं ठेवतो, ऊठ खा म्हणतो. एलीया खातो आणि परत झोपतो, दूत परत येतो, परत खायला घालतो. देवाशी बोलणं होतं ते यानंतर, होरेब डोंगरावर, आणि तिथे पोचायला चाळीस दिवस लागतात. संदेष्ट्याला आधी दोनदा जेवण आणि झोप लागली तर आपण कोण लागून गेलो. तेव्हा फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा, पाणी प्या, एक ओळीची प्रार्थना करा आणि आडवे व्हा. झोप नाही लागली तरी चालेल, निकाल लावायचा नाही एवढंच.

टोचणी कुठली आणि धास्ती कुठली

हे ओळखता आलं की अर्धं ओझं उतरतं म्हणून जरा नीट वाचा.

पवित्र आत्मा पापाची जाणीव देतो तेव्हा ती नेमकी असते. गावच्या जमिनीवरून भावाशी बोलणं टाकलंय, त्याला फोन कर. सोसायटीच्या हिशेबात बिल फुगवून लावलंस, ते पैसे परत भर. नवऱ्याला खोटं सांगितलंस, खरं सांग. म्हणजे त्यात काय चुकलं तेही असतं आणि आता काय करायचं तेही असतं. जक्कयाचं बघा, लूक एकोणीस. तो जकातदार, लोकांना लुबाडलेलं. येशू घरी आला तर हा उभा राहून म्हणतो की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि कोणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करतो. येशूने तिथल्या तिथे सांगितलं, आज या घराला तारण प्राप्त झालंय. आज म्हणाला तो, प्रोबेशनवर नाही ठेवलं.

धास्तीचं तसं नसतं. धास्ती म्हणते तू संपलास. काय केलं विचारलं तर उत्तर नाही, किंवा रोज वेगळं उत्तर. सोमवारी म्हणते तुझा पश्चात्ताप खरा नव्हता, मंगळवारी म्हणते पश्चात्ताप खरा होता पण बाप्तिस्मा घेताना मनात भलताच विचार आला होता, बुधवारी म्हणते हे सगळं ठीक पण तू हे सगळं नरकाच्या भीतीने करतोयस, प्रेमाने नाही, म्हणजे फुकटच. एकाचं समाधान केलं की दुसरं तयार. असं व्हायला लागलं की समजायचं की हा पापाचा प्रश्न नाहीये, आणि याला आणखी एक पापकबुली करून उत्तर मिळणार नाहीये.

करायचं काय तर एक वही घ्या. पानाच्या वरच्या अर्ध्या भागात नेमक्या गोष्टी लिहा, ज्यांचं काहीतरी करता येतं, आणि त्यातली एक या आठवड्यात करून टाका, फोन करा, पैसे भरा, माफी मागा. खालच्या अर्ध्यात ती सगळी गोलगोल वाक्यं लिहा, मी मेलोय, मला टाकलंय, माझ्यासाठी उशीर झालाय. खालच्या भागाशी वाद घालायचा नाही. त्याखाली एकच ओळ लिहायची, यहेज्केलाची. सदतिसाव्या अध्यायात देव त्याला सुकलेल्या हाडांनी भरलेलं खोरं दाखवून विचारतो, ही हाडं जिवंत होतील का. संदेष्टा हो पण म्हणत नाही, नाही पण म्हणत नाही. म्हणतो, प्रभू परमेश्वरा, तूच जाणतोस. बस्स. मला विचाराल तर पूर्ण बायबलमध्ये इतकं प्रामाणिक उत्तर क्वचितच कोणी दिलं असेल, आणि देवाला ते चाललं, त्याने पुढचं काम त्याच माणसाकडून करून घेतलं.

अंगावर येणारी वचनं

प्रत्येक घाबरलेल्या माणसाची दोन-तीन ठरलेली वचनं असतात, ती तो परत परत उघडून बघतो. बहुतेकांची हीच असतात म्हणून एकेक घेते.

पहिलं, क्षमा न होणारं पाप, मार्क तीन. पवित्र आत्म्याविरुद्ध दुर्भाषण करणाऱ्याला कधीच क्षमा नाही, असं येशू म्हणतो. आता मुलं काय करतात, बस स्टॉपवर उभं असताना डोक्यात एक घाणेरडा विचार चमकून गेला की झालं, मी ते पाप केलं. अरे पण पुढचं वचन वाचा ना, तिसावं. मार्क स्वतः कारण देतो की येशू हे का बोलला, तर ते लोक म्हणत होते की याला अशुद्ध आत्मा लागलाय. यरुशलेमेहून आलेले शास्त्री, म्हणजे धर्मशास्त्राचे पंडित, समोर माणसं बरी होताना बघतायत, आणि थंड डोक्याने म्हणतायत की हे बालजबूलचं, भुतांच्या राजाचं, काम आहे. ती त्यांची ठरवून घेतलेली भूमिका होती. तुमच्या डोक्यात न बोलावता येऊन गेलेला विचार आणि त्याने तुम्ही थरथर कापताय, ही ती गोष्ट नव्हे. ज्याला आपण ते पाप केलं असेल याची काळजी लागलीय त्याचं मन त्या शास्त्र्यांसारखं निबर झालेलं नाही, हे शेकडो वर्षं पाळक आणि फादर दोघेही सांगत आलेत.

दुसरं, इब्री सहा. ज्यांनी एकदा प्रकाश मिळवला आणि मग पतन पावले त्यांना परत पश्चात्तापाकडे आणणं अशक्य, वगैरे. भयंकर वचन आहे, त्याला गोड करून सांगणार नाही. त्यावर विद्वानांची आजही एकवाक्यता नाही. पण चौथं, पाचवं, सहावं वचन वाचून पुस्तक मिटणारा माणूस नवव्या वचनापर्यंत जातच नाही. तिथे तोच लेखक म्हणतो की प्रियजनांनो, आम्ही असं बोलत असलो तरी तुमच्याविषयी आमची यापेक्षा चांगली खात्री आहे, तारणाच्या गोष्टींची. आणि त्याच अध्यायाच्या शेवटी आशेला तो जिवाचा नांगर म्हणतो. ज्या अध्यायाने तुमची झोप उडवली तोच अध्याय नांगरावर संपतो, तेव्हा वाचायचा तर पूर्ण वाचा नाहीतर सध्या उघडू नका.

तिसरं आपल्या मंडळ्यांमध्ये फार दिसतं आणि कोणी बोलत नाही. प्रभुभोजनाचा रविवार, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळे मिळून भाकर आणि द्राक्षरस घेतात तो. भाकरीचं ताट येतं, मग द्राक्षरसाच्या छोट्या ग्लासांचा ट्रे येतो, एकेक जण ग्लास उचलून ट्रे पुढे करतो. आणि मधेच एक मुलगी बसलेली असते, विशीतली, ओढणी डोक्यावर घेतलेली, ती ट्रे दोन्ही हातांनी धरते, क्षणभर थांबते आणि न घेता तसाच शेजारच्या काकूंकडे सरकवते. ग्लास एकमेकांना लागून किणकिणतात एवढाच आवाज. काकू बघतात, काही बोलत नाहीत. महिनोन् महिने हे चालतं. कारण काय तर करिंथकरांस पहिलं पत्र, अकरावा अध्याय, जो अयोग्य रीतीने खाईल तो स्वतःवर दंड ओढवून घेईल.

आता करिंथात चाललं काय होतं ते बघा, त्याच अध्यायात वर लिहिलंय. पैसेवाले आधी येऊन जेवून घ्यायचे, गरीब उपाशी राहायचे आणि कोणी दारू पिऊन तर्र. हे पत्र लिहिणारा पौल त्यावर चिडलाय. अयोग्य रीत ती. आणि उपाय म्हणून तो शेवटी सांगतो काय, तर भोजनाला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. थरथरत्या हाताने ताट धरणाऱ्या मुलीला उद्देशून ते लिहिलेलंच नाही. शिवाय अठ्ठाविसावं वचन नीट बघा, माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग खावं असं आहे. परीक्षा करून उठून जावं असं नाही. परीक्षेत काय सापडणार, पापच सापडणार, ते सापडलं की ते घेऊनच टेबलाशी यायचं. भोजन कोणी घ्यावं याचा प्रत्येक चर्चचा आपापला नियम असतो, कॅथलिकांमध्ये गंभीर पाप झालं असेल तर आधी कन्फेशन, म्हणजे फादरांपुढे पापकबुली, करावं लागतं, तो पाळा. मात्र नुसती धास्ती वाटते म्हणून महिनोन् महिने ताट सरकवत बसू नका, पाळकसाहेबांशी किंवा फादरांशी एकदा बोला.

अजून एक भीती असते ती ठाण्यातल्या मुलांकडून मी ऐकते. 1321 साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन बंधू श्रद्धेपायी मारले गेले, तोलेंतिनोचे थॉमस आणि त्यांचे सोबती, ती गोष्ट कुणीतरी सांगतं, आणि ऐकणाऱ्याला धीर यायच्या ऐवजी वाटतं की माझ्यावर तशी वेळ आली तर मी पहिल्या फटक्यात नाकारीन, म्हणजे मी खोटाच. बरं, येशूचा शिष्य पेत्र, त्याने येशूला पकडलं त्या रात्री काय केलं होतं? गळ्यावर सुरी पण नव्हती, अंगणात शेकोटीशी एका दासीने विचारलं आणि हा म्हणाला मी त्याला ओळखत नाही, असं तीनदा. योहानाच्या शेवटच्या अध्यायात येशू किनाऱ्यावर परत कोळशाची शेकोटी पेटवून बसलेला असतो, मासे भाजलेले असतात, या न्याहारी करा म्हणतो, आणि मग पेत्राला तीनदा एकच विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का. पुन्हा नाकारशील का असं एकदाही विचारत नाही. न आलेल्या वेळेची परीक्षा आज द्यायला तुम्हाला कोणी सांगितलेलं नाहीये.

मोजणं बंद

खरी मेख इथे आहे असं मला वाटतं. घाबरलेला माणूस येशूकडे बघतच नसतो, तो स्वतःच्या विश्वासाकडे बघत असतो. आज किती आहे, काल किती होता, प्रार्थनेत डोळ्यात पाणी आलं का, आलं तर खरं होतं का. आणि विश्वासाकडे टक लावून बघितलं की तो दिसेनासा होतो.

मग काय करतात, दर कन्व्हेन्शनला, म्हणजे मोठ्या प्रार्थनासभेला, हात वर. पाहुणे वक्ते म्हणाले आज रात्री ज्यांना येशूला स्वीकारायचंय त्यांनी हात वर करा, की हा परत वर. मागच्या मे महिन्यात केला होता, नाताळच्या आधीही केला होता, पण तेव्हा मनापासून नव्हता असं वाटतं म्हणून आता परत. काही जण तर दुसऱ्या चर्चमध्ये जाऊन दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेऊन येतात. मग उपास सुरू होतात, आधी तीन दिवस, मग एकवीस, आणि अंगात अशक्तपणा आला की धास्ती दुप्पट. माझं सरळ सांगणं आहे की या अवस्थेत असाल तर लांबलचक उपास करू नका, नीट जेवा.

संत इग्नेशियस लोयोला यांना हेच झालं होतं. 1522 साली स्पेनमधल्या मानरेसा गावात. सगळ्या आयुष्याची पापकबुली लेखी देऊन झालेली, तरी रोज काहीतरी राहून गेलंय असं वाटायचं. परत कन्फेशन, परत तेच. शेवटी फादरांनी सांगितलं की मागच्या पापांतलं जे अगदी स्पष्ट असेल तेवढंच यापुढे सांग. आणि गंमत म्हणजे त्यांना सगळंच अगदी स्पष्ट वाटायचं, त्यामुळे त्या आज्ञेचा काडीचा उपयोग झाला नाही! जीव देण्यापर्यंत विचार गेले होते त्यांचे. सुटका कशी झाली तर एके दिवशी त्यांनी ठरवलं की मागची पापं यापुढे कन्फेशनमध्ये काढायचीच नाहीत. एकदा सांगितलं ते सांगितलं. पाचशे वर्षं झाली पण याहून व्यवहारी सल्ला मला सापडलेला नाही. एकदा देवाला नाव घेऊन सांगितलेलं पाप परत कबूल करायचं नाही. मन म्हणेल नीट सांगितलं नव्हतंस. म्हणू दे.

आणि आपल्या पंडिता रमाबाई. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला, बाई संस्कृतच्या एवढ्या मोठ्या पंडिता, शास्त्र वाचलेलं, सगळं समजलेलं. तरी पुढे स्वतःच्या साक्षीत त्या मोकळेपणाने सांगतात की ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, आणि ते उमगायला बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षं गेली. मधल्या त्या वर्षांत त्यांनी काय केलं ते बघा, अमेरिकेत हिंडून पैसा उभा केला, 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, विधवा मुलींना शिकवलं. आतून सगळं जागेवर आल्यावर कामाला लागू असं म्हणत बसल्या नाहीत. आणि आपल्याला दोन महिने कोरडे गेले की वाटतं संपलं.

खात्रीबद्दल चर्चांमध्ये मतभेद आहेत, ते रात्री सोडवायला जाऊ नका. पण एका गोष्टीवर ती जवळ येतात. 1646 ची वेस्टमिन्स्टर श्रद्धाकबुली, प्रेस्बिटेरियन लोकांची, अठराव्या अध्यायात म्हणते की खऱ्या विश्वासणाऱ्यालाही खात्री मिळायला खूप वाट बघावी लागू शकते. कॅथलिकांच्या ट्रेंट परिषदेने 1547 मध्ये वेगळ्या बाजूने सांगितलं की आपण नीतिमान ठरलो अशी संशयरहित खात्री आतून वाटलीच पाहिजे ही अटच नाही. एरवी ज्यांचं आपसात पटत नाही ते दोघे सांगतायत की खात्रीची भावना म्हणजे तारण नव्हे. इफिसच्या पत्रात तर पौलाने मेलेला हाच शब्द वापरलाय, तुम्ही आपल्या अपराधांमुळे मेलेले होता, दुसरा अध्याय, पहिलं वचन. आणि पुढे? मेलेल्याने जोर लावला असं नाही. देवाने जिवंत केलं. येशूने मेलेल्यातून उठवलेला लाजर कबरेत असताना त्याच्याकडून काय अपेक्षा होती सांगा बरं.

प्रार्थना, जेव्हा शब्दच येत नाहीत

लांब प्रार्थना विसरा सध्या. बायबलमध्ये बुडणाऱ्या माणसांच्या प्रार्थना सगळ्या तोकड्या आहेत. पेत्र पाण्यात बुडताना, प्रभू मला वाचव. मंदिरातला जकातदार मान खाली घालून, देवा मज पाप्यावर दया कर. आजारी मुलाचा बाप, मार्क नऊ, माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासाचं काहीतरी कर. वधस्तंभावरचा चोर, माझी आठवण ठेव. यातला जकातदार नीतिमान ठरून घरी गेला, आणि चोराकडे तर बाप्तिस्मा, दशांश, मंडळीत हजेरी यातलं काहीच नव्हतं.

एक निवडा आणि तीच ठेवा. ठाण्याला वाशी लोकलमध्ये चढलात, चौथी सीट पण नाही मिळाली, हँडलला लटकताय आणि तेवढ्यात छातीत ते सुरू झालं, तर डोळे मिटायची पण गरज नाही. श्वास आत घेताना प्रभू येशू, सोडताना माझ्यावर दया कर. ऐरोली, रबाळे, घणसोली. बरं वाटलं का ते तपासायचं नाही, ती परत मोजणीच झाली. बरं नाही वाटलं तरी प्रार्थना पोचली.

सकाळी एक स्तोत्र, मोठ्याने. तेरावं घ्या, सहाच वचनं आहेत, सुरुवातीलाच दावीद किती वेळ, किती वेळ असं चारदा विचारतो. कोठवर मला विसरशील असं देवाला विचारायची सोय देवानेच करून ठेवलीय. अठ्ठ्याऐंशीवं तर त्याहून काळं, शेवटपर्यंत उजेड येतच नाही, अंधारावर संपतं. ते पण पवित्र शास्त्रात आहे, कोणी काढून टाकलं नाही. एकशे तिसावं मला स्वतःला सगळ्यात जवळचं. खोल गर्तेतून हाक मारणारा तो माणूस म्हणतो की पहारेकरी पहाटेची वाट बघतात त्याहून जास्त माझा जीव प्रभूची वाट बघतो, आणि हे तो दोनदा म्हणतो. आमच्या सोसायटीच्या वॉचमनला बघा, पहाटे साडेचारला प्लास्टिकच्या खुर्चीत मफलर गुंडाळून बसलेला असतो. उजाडेल का अशी शंका त्याला नसते आणि उजाडवणं हे त्याचं कामही नाही. कंटाळलेला असतो, थंडीने काकडलेला असतो, तरी जागेवर असतो. त्याचं जागेवर असणं हाच भरवसा.

हे आपल्या मातीत नवीन नाहीये हो. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक म्हणायचे की तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्तापाशी आलो. तळमळणं, देवाशी भांडणं, तो दिसत नाही म्हणून रडणं, हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. शिकवावं लागतं ते असं रडणं म्हणजे देव सोडून गेल्याची खूण नाही, एवढंच.

एका माणसाला सांगा, दहांना नको

दहा जणांना विचारलंत तर दहा उत्तरं येतील आणि अकरावा प्रश्न तयार होईल. एक माणूस निवडा, वयाने थोडा मोठा, गुपित ठेवणारा, आणि "तुझ्या विश्वासातच खोट आहे" असं म्हणायची घाई नसलेला. त्याला सगळं एकदा सांगा. मग आठवड्यातून एकदा भेटा, तलावपाळीला चक्कर मारत बोला किंवा घरी. रोज रात्री मेसेज करून "माझं तारण आहे ना" विचारू नका, कारण त्या उत्तराचा असर तासभर टिकतो आणि मग परत लागतं.

विल्यम कूपर नावाचे इंग्लिश कवी होते, त्यांची भक्तिगीतं आजही जगभर गातात. 1773 पासून त्यांना पक्कं वाटत होतं की देवाने आपल्याला टाकलंय आणि 1800 मध्ये मरेपर्यंत ते पूर्ण गेलं नाही. हे मुद्दाम सांगतेय, कारण प्रत्येक साक्ष हालेलुया म्हणून संपते असं नाही. पण त्या वाईट काळात त्यांचे पाळक मित्र जॉन न्यूटन यांनी त्यांना स्वतःच्या घरी ठेवून घेतलं, वर्षाहून जास्त. वाद घालून पटवता आलं नाही तर नाही, जेवायला वाढलं. कूपरांना स्वतःबद्दल जे पक्कं वाटत होतं ते खरं होतं असं त्यांची गीतं गाणारा एकही माणूस म्हणणार नाही.

आणि डॉक्टर. यात लाजायचं काही नाही. तीच शंका दिवसभर फिरते, ती शमवायला परत परत प्रार्थना, परत परत कबुली, एक शब्द चुकला तर पहिल्यापासून, असं होत असेल तर तो ओसीडीचा, म्हणजे नको असलेले विचार आणि कृती परत परत होत राहण्याच्या आजाराचा, धार्मिक प्रकार असू शकतो आणि त्यावर थेरपी आणि गोळ्या दोन्ही आहेत, गुण येतो. झोप उडालीय, भूक मेलीय, कशातच मन नाही असं काही आठवडे चाललं असेल तर ते डिप्रेशन असू शकतं, आत्मिक मरण म्हणून त्याच्यावर उपास करत बसू नका. ठाण्यात सरकारी मनोरुग्णालय 1901 पासून आहे, तिथे बाह्यरुग्ण म्हणून दाखवता येतं, नुसतं नाव ऐकून लोक दचकतात ते सोडा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन 14416, फुकट आहे, दिवसरात्र चालू, मराठीत बोलतात. जीव द्यावासा वाटत असेल तर हे सगळं वाचणं थांबवा आणि आधी तो नंबर लावा, घरात जो जागा असेल त्याला उठवा. डॉक्टरकडे गेलं म्हणजे विश्वास कमी पडला असं कोणी म्हणालं तर त्यांना विचारा, लूक कोण होता. पौलाने त्याला प्रिय वैद्य म्हटलंय, कलस्सैकरांस पत्र, चौथा अध्याय.

घरच्यांसाठी

तुमच्या पोराला किंवा बायकोला हे होत असेल तर "सैतान तुझ्यात शिरलाय" हे वाक्य तोंडातून काढायचं नाही, गंमतीत पण नाही. त्यांच्यासाठी प्रार्थना करा, त्यांच्यावर ओरडून नको. प्रश्नाला उत्तर एकदा शांतपणे द्या, दुसऱ्यांदा म्हणा की याचं उत्तर आपण सकाळी बोललोय, आणि भाजी निवडायला बसवा, बाजारात घेऊन जा. रविवारी त्यांना चर्चला जावंसं वाटत नसेल तर जबरदस्ती नको, पण "मी पण मागेच बसणारेय, सोबत ये, मधेच निघू वाटलं तर" असं म्हटलं की बरेच जण येतात. ट्रे आला आणि त्यांनी नाही घेतला तर त्यांच्याकडे बघू नका, आणि घेतला तरी नंतर रिक्षात त्याविषयी विचारू नका.